ही बाजू वर

माझ्या मामांचं ठाम मत होतं की लोखंड बहिरं असतं. त्याला तोंडी सांगून उपयोग नाही; काय हवंय ते कागदावर लिहून द्यावं, मगच ते ऐकतं. तहसील कचेरीबद्दलही त्यांचं मत हेच होतं, आणि दोन्हीकडे कागद दिल्यावर वरून एक ठोसा लागतो, असं ते सांगत. तिथे शिक्क्याचा, इथे पंचाचा. पुणे-सोलापूर रस्त्यावर यवत मागे पडलं की भांडगाव येतं. तिथे हमरस्त्याला लागून त्यांची पत्र्याची शेड होती. वर्षातले सहा महिने समोरून उसाच्या ट्रॉल्या जात, कधी खोरच्या अंजिरांच्या पाट्या घेतलेला टेंपो जाई, आणि आत मामा आठ मिलिमीटर जाडीच्या लोखंडी प्लेटीवर वहीचा कागद चिकटवत बसलेले असत. ज्या प्लेटीवरून ती उसाची ट्रॉली गेली असती तरी तिचं काही बिघडलं नसतं, तिला कुठे भोक पडायचं, कुठे कापलं जायचं, हे सांगायचा अधिकार पंख्याच्या वाऱ्यानं उडणाऱ्या कागदाला दिलेला होता. लहानपणी मला यात काही विशेष वाटलं नाही. आमच्या घरातही किडकिडीत आजीपुढे सगळे धिप्पाड काका असेच गप्प उभे राहत.

त्या कामाची एक संथ लय होती, आणि मामा ती कुणासाठी बिघडवत नसत. कागदावर टोकदार पेन्सिलीनं मापात आकृती काढायची. भोकांच्या जागी अधिकच्या खुणा करायच्या. प्लेट घासलेटाच्या फडक्यानं पुसायची, कारण तेलकट पाठीवर कागद टिकत नाही. मग फेविकॉलचा पातळ हात, आणि एका कडेपासून कागद हळूहळू टेकवत न्यायचा, खाली हवेचा फुगा राहू द्यायचा नाही. तळहातानं तो कागद दाबत नेणारे मामा मला तापलेल्या पोराच्या कपाळावर पट्टी ठेवणाऱ्या माणसासारखे दिसत. तो वाळेपर्यंत चहा. चहानंतर पंच. अधिकच्या खुणेच्या बरोबर मध्यावर टोक टेकवून आधी एक टिचकी, मग खाली वाकून, एक डोळा मिटून बघणं, आणि मनाची खात्री पटली की हातोडीचा खरा घाव. या खळग्याशिवाय ड्रिलला पाय रोवता येत नाही. गुळगुळीत लोखंडावर ते शेवाळावरच्या म्हशीसारखं घसरतं. मग आधी तीन मिलिमीटरचं ड्रिल आणि त्याच्या मागोमाग बारा मिलिमीटरचं. थोरल्यानं निमूटपणे धाकट्याच्या वाटेनं जावं, असं मी पाहिलेलं हे एकच ठिकाण.

कापताना मामांचा एकच नियम होता, "रेघ खायची न्हाई, रेघ ठिवायची." म्हणजे पातं रेघेच्या बाहेरून चालवायचं आणि उरलेलं कानशीनं रेघेपर्यंत आणायचं. सगळं झालं की प्लेट कढत पाण्यात घालायची आणि अंगठ्यानं कागद चोळून काढायचा. ओल्या शेवयांसारखी त्याची भेंडोळी पाण्यावर तरंगत. मला त्या कागदाची नेहमी दया येई. घटकाभरापूर्वी सगळे त्याच्याकडे डोळे लावून बसलेले, आणि आता तो पाण्याबरोबर उकिरड्यावर. मामांना एकदा मी हे बोलून दाखवलं तर म्हणाले, "आरं, मंगलाष्टकं झाली की आंतरपाट कुनी बघतं का?"

या कागदाला ते फर्मा म्हणत. फर्मा हा शब्द आपल्याकडे घरोघरी पाहुणा म्हणून राहून आलेला आहे. चपला शिवणाऱ्याकडे तो लाकडाचा पाय असतो, छापखान्यात तो पानांचा जुडगा असतो, आणि शिवणाऱ्या बाईकडे तो जुन्या वर्तमानपत्राचा तुकडा असतो. मामी ब्लाउज शिवत. अमेरिकेत एबेनेझर बटरिक नावाच्या शिंप्यानं १८६३ साली वेगवेगळ्या मापांचे कागदी फर्मे विकायला काढले आणि ते घरोघरी गेले, पण मामींपर्यंत ते पोचले नव्हते आणि त्यांची गरजही नव्हती. गावातल्या निम्म्या बायकांची मापं त्यांच्याकडे वर्तमानपत्रात कापून ठेवलेली होती. त्यामुळे कुणाच्या बाहीवर निधनवार्ता असे, कुणाच्या पाठीवर कांद्याचे भाव, तर एका अत्यंत शांत स्वभावाच्या शिक्षिकेच्या पुढच्या भागावर कुस्तीच्या फडाची बातमी. म्हणजे एकाच छपराखाली नवरा-बायको दोघंही कागद कापत, त्या कापडासाठी आणि ते लोखंडासाठी, आणि दोघांमध्ये कात्री एकच होती. खरं तर ती एकच नव्हती. मामींची कापडाची कात्री वेगळी होती आणि तिला कागद दाखवायचा नाही, असा घरचा कायदा होता, कारण कागदानं तिची धार मरते. पण मामांची स्वतःची कात्री नेमकी वेळेला सापडत नसे. ते गुपचूप मामींची घेत, काम झालं की पुसून होती तशीच ठेवत, आणि कापडाचा पहिलाच काप घेताना मामींना ते कळे. त्या बोलत काहीच नसत. फक्त शिलाई मशीन जरा जोरात चाले. भांडण केवढं मोठं आहे ते मशीनच्या आवाजावरून अख्ख्या आळीला समजे.

कधी कधी मात्र कागद लोखंडाला सांगत नसे. लोखंडच कागदाला सांगे. ऑइल इंजिनाचं पॅकिंग फाटलं की मामा नवा जाड कागद त्या झाकणाच्या तोंडावर धरत आणि तेलानं काळा झालेला अंगठा कडेकडेनं फिरवत. बघता बघता कागदावर त्या धातूच्या कडा उमटत, बोल्टाची भोकं डोळे उघडल्यासारखी एकेक दिसू लागत. आम्ही पोरं पाच पैशाच्या नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासत असू, तेच हे, पण याच्यावर चार एकर भिजायचं होतं. इंजिन तिथे स्वतःचं चित्र स्वतःच काढून देई. मोजपट्टी नाही, आकडा नाही, फक्त अंगठा. बँकेत अंगठा उठवणाऱ्याला अडाणी समजतात. इथे ज्याचा अंगठा नीट उठे त्याचंच पॅकिंग गळत नसे.

भांडगावापासून केडगाव लांब नाही. मला पुष्कळ पुढे कळलं की त्या केडगावात पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये छापखाना होता. हिब्रू आणि ग्रीकवरून त्या बायबलाचं मराठी करत होत्या आणि आश्रमातल्या मुली त्याचे खिळे जुळवत होत्या, हिब्रू-ग्रीक अक्षरांचेसुद्धा. १९२२ च्या एप्रिलात रमाबाई गेल्या, तोवर हेच काम चाललेलं होतं. छापखान्यातल्या शिशाच्या अक्षरालाही मराठीत खिळाच म्हणतात, हे मला फार आवडतं. एकाच पंचक्रोशीत एके ठिकाणी धातूचे खिळे कागदाला बोलायला शिकवत होते, आणि पुढे काही वर्षांनी दुसऱ्या ठिकाणी कागद धातूला. दोन्हीकडे शब्द एकच, फर्मा. मामा त्या गावाला फक्त बाजारासाठी जात, पण मी त्यांना हे सांगितल्यावर विचारात पडले आणि म्हणाले, "मंग तितं उलटं अक्षर बसवत आसतील न्हवं? छापल्यावर सुलटं व्हायला." मी हो म्हटलं. उलट-सुलटाचा हा विषय त्यांच्या काळजात का रुतून बसला होता, ते पुढे येईलच.

हसण्याशी या कागदाचं नातं जुनं आहे. इटलीतले चित्रकार भिंतीवर चित्र काढण्याआधी जाड कागदावर तेवढ्याच आकाराचं रेखाटन करत, रेघांवर टाचणीनं भोकं पाडत, आणि तो कागद भिंतीला धरून वरून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी आपटत. कागद काढला की भिंतीवर काळे ठिपके. त्या जाड कागदाला कार्तोने म्हणत, त्याचं इंग्रजीत कार्टून झालं. १८४३ साली लंडनच्या पार्लमेंटच्या नव्या इमारतीसाठी असल्याच रेखाटनांचं प्रदर्शन भरलं, तेव्हा 'पंच' नावाच्या साप्ताहिकानं त्याची टर उडवायला आपल्या थट्टेच्या चित्रांना कार्टून म्हटलं, आणि नाव कायमचं चिकटलं. म्हणजे व्यंगचित्राचं नाव मुळात फर्म्याचं, आणि ते त्याला दिलं पंचानं. मामांच्या शेडमध्येही फर्म्यावर शेवटचा शब्द पंचाचाच असे. आपल्याकडे ताम्रपटांचंही असंच. मजकूर लिहिणारा एक आणि तो तांब्यात कोरणारा दुसरा, बहुधा सोनार किंवा कासार. कोरणाऱ्याला अक्षर येत असेलच असं नाही. तो रेघेमागून छिन्नी नेई. काना सुटायचा, वेलांटी पळायची. आज अभ्यासक त्या चुकांवर वाद घालतात. मामा असते तर म्हणाले असते, रेघ खाल्ली.

आणि रेघेवरच ज्यांचं सगळं उभं राहिलं ते लक्ष्मणराव किर्लोस्कर! त्यांना चित्रकार व्हायचं होतं. जे. जे. स्कूलमध्ये दाखलही झाले, पण काही रंग त्यांना नीट ओळखू येत नव्हते. रंग सोडून ते यंत्रांच्या रेखाचित्रांकडे वळले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तेच शिकवू लागले. यंत्राच्या चित्राला रंग लागत नाही, रेघ लागते. पुढे बेळगावात सायकलचं दुकान, मग कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. नांगर निघाला तेव्हा लोखंडानं जमीन विषारी होते असं म्हणत शेतकरी त्याला हात लावेनात. १९१० साली कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. एखादा रंग डोळ्यांना दिसला नाही म्हणून महाराष्ट्राला एक कारखानदार मिळाला, असं म्हणायचा मोह होतो. मी तो आवरत नाही.

कडबा कापण्यावरून आठवलं. मी पुण्यात शिकून संगणकावर ड्रॉइंग काढायला लागलो त्या वर्षी मामांकडे कडबाकुट्टीला तीन एचपीची मोटर बसवायचं काम आलं. मी म्हटलं, मामा, तुम्ही पेन्सिल ठेवा, मी छापून आणतो. मोटरच्या पायांच्या भोकांमधलं अंतर एका बाजूनं १६० मिलिमीटर, दुसऱ्या बाजूनं १४०. सगळं तक्त्यात छापलेलं असतं, मोजायचीही गरज नाही. मी केसाएवढ्या रेघांचं, वर्तुळाच्या मध्यावर नाजूक अधिक असलेलं, तबकातल्या रांगोळीसारखं देखणं ड्रॉइंग काढलं आणि छापून घेतलं. मामांनी कागद उजेडाकडे धरून बघितला, मान डोलावली, चिकटवला, पंच मारले, भोकं पाडली. मोटर वर ठेवली. एक बोल्ट आत गेला. बाकीचे तीन मांडवाच्या दारात अडवलेल्या वऱ्हाडासारखे उभे राहिले.

घोटाळा माझाच होता. छापताना 'फिट टू पेज' असा एक पर्याय खूण करून बसलेला असतो, तो मी बघितलाच नव्हता. प्रिंटर मोठा मायाळू असतो. चित्र कागदाच्या कडेला लागून त्याला खरचटू नये म्हणून तो ते थोडंसं आत ओढून घेतो. शंभराचे सत्त्याण्णव करतो. डोळ्यांना पत्ताही लागत नाही. १६० चे १५५ झाले होते, १४० चे १३६. बारा मिलिमीटरच्या भोकात दहाचा बोल्ट, म्हणजे इकडेतिकडे सरकायला फार तर दोन मिलिमीटर. माझी माया त्याच्या दुप्पट. मामांनी प्लेटीकडे बघितलं, मोटरकडे बघितलं, आणि अगदी शांतपणे म्हणाले, "भाचेबुवा, येवढं करा. मोटर जरा बारकी करून आना, मंग बसतीय." मग कानस घेऊन त्यांनी भोकं लांबट केली. मी खाली मान घालून उभा होतो. काम संपल्यावर त्यांनीच सांगितलं की नाही तरी पट्टा ताणायला मोटर मागेपुढे सरकवावी लागते, भोकं लांबटच बरी. हे खरंही होतं. पण ते सांगायला त्यांनी कानशीचं काम संपेपर्यंत थांबायची गरज होती का, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. तेव्हापासून मी प्रत्येक फर्म्याच्या कोपऱ्यात १०० मिलिमीटरची एक रेघ छापतो आणि कात्री लावण्याआधी ती पट्टीनं मोजतो.

ही रेघही काही माझी अक्कल नाही. नकाशांवर खाली मोजपट्टी काढलेली असते ती याचसाठी. कागद आकसला की त्याच्याबरोबर पट्टीही आकसते आणि हिशेब जुळतो. कागद हा झाडाचा नातेवाईक, त्याला दमट हवा कळते. पावसाळ्यात तो अंग धरतो, उन्हाळ्यात सुकतो, आणि तेही सगळीकडून सारखं नाही. तंतू ज्या दिशेनं आडवे पडलेले असतात तिच्या आडव्या अंगानं तो जास्त फुगतो. ओला गोंद पाजला तर क्षणात. एकास पाच हजार प्रमाणाच्या नकाशावर मिलिमीटरभर कागद हलला तर शिवारात पाच मीटर हलतात, आणि आमच्याकडे बांधाच्या वीतभर सरकण्यावरून सख्खे भाऊ दिवाळीला एकमेकांकडे जायचे थांबलेत. जुलैत मामा मोठ्या मापाचा फर्मा चिकटवत नसत. "आज कागद फुगलाय," असं ते भावकीतल्या कुणाबद्दल बोलावं तसं बोलत.

आता ती उलट-सुलटाची गोष्ट. ऑइल इंजिनाच्या बाजूच्या झाकणाची प्लेट करायची होती. सात भोकं, आणि एकही दुसऱ्याच्या समोरासमोर नाही, सप्तर्षी गावाला निघाल्यासारखी. मामांनी अंगठ्यानं छाप घेतला, कागद कापला, गोंद लावला, चिकटवला. दिवसभर राबले. कडा तर अशा काढल्या होत्या की बोट फिरवत राहावं. संध्याकाळी प्लेट इंजिनाला लावायला गेले तर बसेना. फिरवून बघितली, उलटी करून बघितली. उलटी केली की बसे, पण मग बोल्टाची डोकी बसायला केलेले खोलगट खळगे आतल्या बाजूला जात आणि गुळगुळीत बाजू बाहेर. गोंद कागदाच्या छाप असलेल्या बाजूलाच लागला होता. कागद पालथा चिकटला होता. झाली होती ती प्लेट आरशातल्या इंजिनाची. मामा बराच वेळ तिच्याकडे बघत बसले. तीस वर्षांत त्यांचं मापात काही चुकलं नव्हतं, आणि याही वेळी माप चुकलेलं नव्हतं. सगळं बिनचूक, फक्त दुसऱ्या जगातलं.

रात्री जाऊन त्यांनी दुसरी प्लेट केली. पहिली भंगारात टाकायला निघाले तर मामींनी मागून घेतली आणि तिच्यावर गरम पातेली उतरवू लागल्या. भोकांतून वाफ निघून जाते, पातेलं चिकटून बसत नाही, असं त्या आल्यागेल्याला सांगत. मामा जेवायला बसले की समोर ती प्लेट, आणि तिच्यावर आमटी. त्यांनी कधी तक्रार केली नाही. एवढंच झालं की त्या दिवसापासून त्यांच्या हाताखालून जाणाऱ्या प्रत्येक कागदावर, मग तो चौकोनी असो नाही तर गोल, ते जाड सुतारी पेन्सिलीनं लिहायला लागले: ही बाजू वर. वॉशरच्या फर्म्यावरसुद्धा, ज्याला वर-खाली असं काही नसतंच.

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. रस्ता रुंद झाला, शेड गेली, आणि सप्तर्षींच्या त्या प्लेटीवर मामींचं पातेलं अजून उतरतं. मागच्या मे महिन्यात गेलो तेव्हा मामींनी एक तार काढून दिली. पावत्या ओवायची असते तसली, आकडा असलेली. पुठ्ठ्यावर चिकटवून पुन्हा पुन्हा लागतील म्हणून जपलेले फर्मे तिच्यात ओवलेले होते, तेल प्यायलेले, भोकाभोकांचे. कुठलं इंजिन, कुठला पंप, आता कुणाला सांगता येणार नाही. यंत्रं गेली आणि त्यांचे अंगठे तेवढे राहिले. प्रत्येकावर तीच तीन शब्दांची ओळ. त्यात मधेच एक वर्तमानपत्राचा तुकडा लागला. ब्लाउजच्या बाहीचा फर्मा, कांद्याच्या भावांचा, आणि त्याच्यावरही सुतारी पेन्सिलीनं, मामांच्या हातचं, ही बाजू वर.

"अगं बाई, हा यात होता होय," म्हणून मामींनी तो तेवढा काढून घेतला. "किती सांगितलं होतं त्यांना, बाहीला दोन्ही बाजू लागतात म्हणून. ऐकलं तर ना."

त्याच फर्म्यावर मामींनी परवा माझ्या मुलीचा ब्लाउज बेतला. उजवी बाही कापून झाली की डावीसाठी त्या कागद पालथा करतात, तेव्हा ती अक्षरं खाली जातात.